चित्रकलेचे गुण नेमके कशावर द्यायचे?

तुम्ही मूळचे गणिताचे, सहावीची चित्रकला गळ्यात पडली, आणि ज्याचा हात चांगला त्याला अ-१, बाकीच्यांना ब-२ देणं मनाला पटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी लातूरकडे चित्रकलाच शिकवतो. मलाही ते पटत नाही. पोरगं आधीपेक्षा नीट बघायला लागलं का, यावर मी गुण देतो.

एक तांब्या घ्या. पितळेचा बरा, स्टीलवर इतकं चकाकतं की पोरं कडा सोडून चकाकीच रंगवत बसतात. टेबलावर ठेवा आणि काही न सांगता काढायला लावा. बहुतेक जण तोंड पूर्ण गोल काढतील आणि बूड सरळ रेघेने बंद करतील. तोंड गोल असतं आणि तांब्या सपाट बसतो, हे त्यांना पाठ असतं ना! हा कागद तारीख टाकून ठेवून घ्या, खोडू देऊ नका. पुढच्या तासाला तोच तांब्या आधी जमिनीवर ठेवा, मग तोंड बरोबर डोळ्यांच्या उंचीला येईल असा कपाटावर. वर तोंडाची नुसती आडवी रेघ दिसते. खाली आणला की लंबवर्तुळ उघडत जातं आणि बुडाची कड तोंडापेक्षा जास्त गोलावते. वर्गातून हमखास आवाज येतो, "सर, तोंड मिटलं की!" मग पुन्हा काढायला लावा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. रेघ थरथरलेली असो, छटा काळ्याकुट्ट असोत, बूड वाकलं असेल तर पोरगं शिकलं.

नोंदवहीत "सुंदर चित्र काढतो" लिहून कुणाला काय कळणार? "बुडाचा गोलवा दाखवते, मान अजून आखूड पडते" असं लिहा. कलेचं मूल्यमापन सगळं आकारिक, म्हणजे वर्षभर चालणारं; संकलित, म्हणजे सत्राखेरची परीक्षा नाही. त्यामुळे वर्षभराचे कागद जपा. पाठकोरे चालतात.

स्मरणचित्रात दोन डोंगर, मधे सूर्य, बाजूला नारळ येणारच. आपल्या भागात नारळ कुठला? विषय 'येळवस' द्या, म्हणजे आपल्याकडचा वेळ अमावास्येचा शेतातला सण. कडब्याची कोप (खोपी), चुना लावलेले पाच पांडवांचे दगड, आंबिलाचं मडकं, वाकून आत शिरणारी आजी. इथे दोन गोष्टी बघा: तपशील स्वतःचा आहे का, आणि पुढच्या माणसामागे मागचा माणूस झाकला जातो का. एकालाही न झाकता सगळी माणसं ओळीत उभी केली असतील, तर पुढचा धडा तोच.

आणि हो, वर्गातलं 'सर्वोत्तम' चित्र फळ्यावर टांगू नका. कलाशिक्षणाचा अभ्यासक लोवेनफेल्डने 1947 मध्येच मांडलंय की नऊ ते बाराच्या सुमारास मुलांना चित्र खऱ्यासारखं हवं असतं. तसं जमलं नाही की "मला येत नाही" म्हणून ती वही मिटतात.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांचं गणित वेगळं. कला संचालनालयाच्या त्या परीक्षेत त्या दिवशीचा कागदच बघतात, आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला गुण मिळतात (अ ला 7, ब ला 5, क ला 3), म्हणून पालकही मागे लागतात. बसणाऱ्या पोरांचा वेळ लावून सराव घ्या, पण शाळा सुटल्यावर.