डॅफोडिल्स बघताना वर्ड्सवर्थ एकटा नव्हताच

प्रश्न : ताई, मी कोल्हापुरात बी.ए.ला आहे, इंग्लिश लिटरेचर घेतलंय. वर्ड्सवर्थची डॅफोडिल्सची कविता शिकवताना सर जाता जाता म्हणाले की त्याची बहीणपण लिहायची, आणि तास संपला. गाईडमध्ये तिच्यावर एकच ओळ आहे. ती नेमकी कोण होती?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : बरं झालं विचारलंस गं. तिचं नाव डोरोथी, जन्म १७७१ चा, भावापेक्षा, म्हणजे कवी विल्यम वर्ड्सवर्थपेक्षा, पावणेदोन वर्षांनी लहान. ती सहा वर्षांची असताना आई गेली आणि तिला इंग्लंडमधल्याच हॅलिफॅक्सला नातेवाइकांकडे ठेवलं, मग कित्येक वर्षं भावाची भेटच नाही. मोठेपणी दोघांनी एकत्र घर केलं, आणि १७९९ च्या डिसेंबरात ते ग्रासमियर या डोंगर-तळ्यांच्या भागातल्या गावी राहायला गेले.

तिथं ती रोज वही लिहायची. पाव भाजला, कपड्यांना इस्त्री केली, विल्यमच्या कविता उतरवून दिल्या, दारात कोण भिकारी आला, आणि त्यातच डोंगर, पाऊस, चांदणं. १५ एप्रिल १८०२ ला दोघं अल्सवॉटर तळ्याकाठून चालत होते तेव्हा ती डॅफोडिल्सची फुलं दिसली आणि तिनं लिहून ठेवलं की काही फुलं दमून उशीवर टेकावं तशी दगडांवर मान टाकून होती नि बाकीची वाऱ्यात नाचत होती. विल्यमनं कविता लिहिली त्यानंतर दोनेक वर्षांनी, आणि त्यात तो ढगासारखा एकटाच हिंडतोय! त्याच्या दुसऱ्या एका कवितेतल्या, जळवा गोळा करणाऱ्या म्हाताऱ्याचंही तेच, वहीत तो १८०० मध्येच ‘आम्हाला’ भेटलाय, १८०२ च्या कवितेत मात्र फक्त कवीला. मला हे फार लागतं.

कुणी तिच्यावर जबरदस्ती केली असं नाही हं. विल्यमला आनंद होईल म्हणून वही लिहिते असं तिनंच लिहिलंय, लेखिका म्हणून मिरवायची कल्पनाच तिला नकोशी होती. पण १८१८ मध्ये ती मैत्रिणीबरोबर स्कॉफेल पाईक चढली, इंग्लंडचं सगळ्यात उंच शिखर, ते वर्णन भावाच्या प्रवासी गाईडबुकात तिचं नाव न घालता छापलं गेलं, हे मला तरी पटत नाही.

शेवटची वीसेक वर्षं आजारपणात गेली, मनही ठिकाणावर राहिलं नाही, आणि १८५५ मध्ये ती वारली, भावानंतर पाच वर्षांनी. वह्या नीट छापून यायला १८९७ उजाडलं. त्या १५ एप्रिलची नोंद नेटवर फुकट मिळते, ती वाच आणि शेजारी कविता ठेव, परीक्षेत गाईडमधलं लिहू नकोस.