हायपोपिटिस मोनोट्रोपा: नाव उलटे का झाले?

हरितद्रव्य नसलेल्या एका वनस्पतीचे नाव एका कोशात ‘मोनोट्रोपा हायपोपिटिस’ आणि दुसऱ्यात ‘हायपोपिटिस मोनोट्रोपा’ असे आढळते. यांतील एक मुद्रणदोष समजावा काय, असा प्रश्न आहे; त्यात या वनस्पतीला ‘मृतोपजीवी’, म्हणजे कुजक्या पदार्थांवर जगणारी, असेही म्हटले आहे. दोन्ही नावे शुद्ध आहेत आणि वनस्पतीही एकच आहे.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये मोनोट्रोपा या प्रजातीत (genus) दोन जाती (species) ठेवल्या. ‘युनिफ्लोरा’ ही पांढरीफटक, एका दांड्यावर एकच मान टाकलेले फूल असणारी. ‘हायपोपिटिस’ ही पिवळसर ते तांबूस, फुलांचा घोस असणारी. ग्रीकमध्ये ‘हायपो’ म्हणजे खाली (आपला ‘उप’ याचाच भाऊबंद) आणि ‘पिटिस’ म्हणजे पाइन वृक्ष, म्हणून हायपोपिटिस म्हणजे पाइनतळीची. पुढे ही दुसरी जात स्वतंत्र प्रजाती मानून तिलाच ‘हायपोपिटिस’ म्हणावे असे ठरले, तेव्हा नियमाप्रमाणे जुने जातिनाम कायम ठेवले असते तर ‘हायपोपिटिस हायपोपिटिस’ झाले असते. प्राणिशास्त्राला अशी द्विरुक्ती चालते. आपला नाग तिथे ‘नाजा नाजा’ आहे आणि चितळ ‘ॲक्सिस ॲक्सिस’. वनस्पतिशास्त्राच्या नियमांत मात्र ती वर्ज्य आहे. म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ क्रांट्झने १७६६ मध्ये दिलेले ‘हायपोपिटिस मोनोट्रोपा’ हेच नाव ग्राह्य ठरते. नारायण हरीच्या मुलाचे नाव आजोबांवरून ठेवले की तो हरी नारायण होतो, तसाच हा प्रकार दिसतो. फक्त इथे दोन पिढ्या नसून व्यक्ती एकच आहे. दोन्ही शब्द नामेच असल्याने, जागा बदलूनही लिंगाप्रमाणे प्रत्यय बदलावा लागला नाही.

मग दोन्ही नावे आजही का चालतात? प्रजाती एक मानावी की दोन, यावर ते अवलंबून आहे. हायपोपिटिस ही ‘ट्रायकोलोमा’ नावाच्या कवकांवर (बुरशींवर) जगते, तर युनिफ्लोरा रुसुला कुळातील कवकांवर. जनुकीय अभ्यासानेही त्या वेगळ्या पडतात. त्यामुळे मला क्रांट्झचे नाव अधिक सयुक्तिक वाटते.

प्रश्नात या वनस्पतीला ‘मृतोपजीवी’ म्हटले आहे, तो शब्द मात्र सोडावा. तिच्या मुळांभोवती कवकाचे आवरण असते आणि अन्न त्यातूनच येते, हे वनस्पतिशास्त्रज्ञ कामिएन्स्कीने १८८१ च्या सुमारास मांडले होते. १९६० मध्ये ब्योर्कमन या संशोधकाने झाडांत किरणोत्सारी कार्बन असलेली शर्करा टोचली, तेव्हा तो कार्बन शेजारच्या मोनोट्रोपात उतरलेला आढळला. म्हणजे कुजक्या पाल्यावर नव्हे, तर कवकामार्फत जिवंत झाडावरच ती पोसली जाते. ‘बांडगूळ’ही येथे जुळत नाही, कारण ते हिरवे असते आणि थेट फांदीत रुतते. मी ‘कवकोपजीवी’ असे लिहीन.