घरची शाळा आणि वाडीचं वर्ष : तुमचे प्रश्न, मावशीची उत्तरं

मागच्या अंकात घरी शिकणाऱ्या मुलांबद्दल मी थोडंसं लिहिलं आणि तेव्हापासून पत्रं, मेसेज येतच आहेत. बरीचशी तरुण आयांची आहेत, काही बापांचीही आहेत, त्याचा मला फार आनंद झाला. सगळ्यांना इथे जागा देता येणार नाही पण जे प्रश्न परत परत आले ते घेते.

प्रश्न : मावशी, जय ख्रिस्त. आम्ही वसईत राहतो, नवऱ्याची वडिलोपार्जित वाडी आहे, केळी, सोनचाफा, थोडी भाजी, घरच्या कोंबड्या. मुलगा साडेसहा वर्षांचा, मुलगी चार, आणि तिसरं अजून अंगावर पितंय. मुलाला यंदा शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरवलं, मुलं देवाच्या भयात वाढावीत आणि मातीतही. अमेरिकेतला एक ख्रिस्ती होमस्कूलिंगचा सिलॅबस विकत घेतला, प्रिंटआउट काढल्या. पण सकाळी नऊ ते एक टेबलावर बसवलं की मुलगा रडतो, बाळ रडतं, वाडीतलं काम पडून राहतं, आणि सासूबाई म्हणतात पोराचं वाटोळं करतेस. काय चुकतंय माझं?

उत्तर : बाय, तुझा निर्णय नाही चुकलेला, वेळापत्रक चुकलंय. साडेसहा वर्षांचं पोर चार तास टेबलाशी बसूच शकत नाही, शाळेतही बसत नाही, तिथे मधे डबा असतो, पीटी असते, शेजारच्याशी गप्पा असतात. घरी तू एकट्या मुलाला शिकवतेस तेव्हा रोजचा तासभर नीट अभ्यास या वयाला पुष्कळ झाला, तोही तुकड्यातुकड्यात. शार्लट मेसन नावाची एक इंग्लिश ख्रिस्ती शिक्षिका होऊन गेली (१८४२ ते १९२३), आज जगभरातल्या ख्रिस्ती होमस्कूलवाल्या आया तिचंच नाव घेतात. तिचं म्हणणं होतं की सहा वर्षांपर्यंत मुलाला रीतसर धडे नकोतच, त्याला बाहेर मोकळं सोडा, आणि पुढेही धडे छोटे ठेवा, पंधरा-वीस मिनिटांचे. गोष्ट एकदाच वाचायची आणि मुलाने ती आपल्या शब्दांत परत सांगायची, वर्कशीट वगैरे काही नाही. मला ही पद्धत मनापासून पटते, कारण ती पैसे मागत नाही आणि आईला थकवत नाही.

आता त्या सिलॅबसबद्दल. तो वाईट नाही, पण त्यात ऑक्टोबर आला की भोपळे आणि लाल झालेली मेपलची पानं, जानेवारी आला की बर्फ, आणि त्यावरच सगळे निबंध आणि चित्रं. ज्यांच्या दारात ते आहे त्यांच्यासाठी ते बरोबर आहे. मेसनबाईंनीही इंग्लंडातल्या अँबलसाइडच्या आपल्या डोंगरात, आपल्या फुलापाखरांवरच शिकवलं. तुझ्या दारात ऑक्टोबरमध्ये काय असतं? भात पिकलेलं असतं, आगेऱ्याला, म्हणजे नव्या पिकाच्या सणाला, नवी कणसं चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा असतो. मग त्या महिन्याचा धडा तोच. एक लोंबी मुलाच्या हातात दे, दाणे मोजू दे, एका दाण्यातून एवढे झाले हे त्याचं त्याला कळू दे, मग दहादहाचे ढीग करायला लाव, दशक-एकक तिथेच शिकून होतं.

जूनमध्ये मृग लागला की पहिले दोनतीन आठवडे पुस्तकं उघडूच नकोस असं मी म्हणेन. पहिल्या मोठ्या पावसानंतर शेतात साचलेल्या पाण्यात ते मोठे पिवळेधमक बेडूक दिसतात ना, ते नर असतात, एरवी मातकट हिरवे, फक्त या दिवसांत पिवळे होतात आणि ओरडताना गळ्याशी दोन निळे फुगे येतात. मुलांना लांबून बघू दे, वहीत काढू दे, चित्र कसंही येऊ दे. एक सरळ उभ्या बाजूंची बरणी अंगणात ठेव, रोज सकाळी पट्टीने मिलिमीटरमध्ये पाणी मोजायचं, लिहायचं आणि ओतून टाकायचं, सप्टेंबरपर्यंत बेरीज केली की तुमच्या वसईत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कसा होतो ते पोर स्वतः सांगेल. आणि याच दिवसांत मत्तयच्या १३ व्या अध्यायातला पेरणाऱ्याचा दाखला वाच. नुसता वाचू नकोस, चवळीचे दाणे दे आणि खरंच चार ठिकाणी टाकायला लाव, पायवाटेवर, खडीत, काटेरी झुडपात आणि वाफ्यात. रोज जाऊन बघायचं. पायवाटेवरचे दाणे कोंबड्यांनी टिपले की मुलगा धावत येऊन तुला सांगेल, आणि तो दाखला तुला त्याला कधीच समजावून सांगावा लागणार नाही.

कोंबड्या आहेतच तर एक खुडूक झाली की तिला अंड्यांवर बसव आणि कॅलेंडरवर २१ दिवस मोजायला मुलाला सांग. सातव्या-आठव्या दिवशी रात्री घरातले दिवे बंद करून एक अंडं टॉर्चवर धर. आत बारीक लाल शिरांचं जाळं दिसतं आणि मधे एक काळा ठिपका, नीट बघितलं तर तो हलतो. चार वर्षांची मुलगीसुद्धा तेव्हा श्वास रोखून बघते. ज्या अंड्यात नुसता पिवळा उजेड दिसेल ते काढून टाकायचं. देवाने आईच्या उदरात घडवलं हे स्तोत्र १३९ मधलं वाक्य त्या रात्री वाचलंत तर मुलं ते विसरणार नाहीत.

थंडी-उन्हाळ्यात सुकेळी आहेतच, वसईचा एवढा मोठा वारसा आणि आता मोजकीच घरं करतात. राजेळी केळी पिकवून, सोलून, रोज उन्हात घालायची आणि संध्याकाळी गोळा करायची, साधारण आठवडाभर. मुलाला रोज वजन करू दे, उतरत जाणारे आकडे लिहू दे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वाट्यांत गहू किंवा नाचणी पेरली की नाताळपर्यंत येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी हिरवंगार गवत तयार. आणि झावळ्यांच्या रविवारी आणलेली झावळी जपून ठेवा, पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारची राख त्याच जुन्या झावळ्यांची होते, मुलांना वर्ष कसं फिरतं ते तिथे दिसतं.

सासूबाईंशी भांडू नकोस, त्यांना तुझ्या शाळेत घे. त्यांच्याकडे सामवेदी बोली आहे, जुनी गाणी आहेत, कुठला वेल कधी लावायचा हे ज्ञान आहे. दुपारी बाळ झोपलं की अर्धा तास आजीचा. आणि काम आणि शिक्षण यात एक काळजी घे, मुलगा वाडीत राबणारा हक्काचा गडी होता कामा नये. त्याच्या हाताला झेपेल तेवढंच काम, कंटाळला की सोडून द्यायचं. औषध फवारणीच्या दिवशी मात्र मुलं वाडीत नकोतच, ती वाळेपर्यंतही नकोत, आणि विहिरीला जाळी नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती बसवून घे.

प्रश्न : ताई, सलाम. आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातले, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे सभासद. कांदा, बाजरी, दोन गाई. दोन्ही मुलांना घरी शिकवावं असं आम्हा दोघांना वाटतं, बायको बीएड आहे. पण लोक म्हणतात हे बेकायदेशीर आहे, पोलीस येतील. आणि पुढे दहावीचं काय? गावातल्या आणखी पाच-सहा घरांना पण मुलं आमच्याकडे पाठवायची आहेत.

उत्तर : पोलीस येत नाहीत हो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याच्या कलम १० मध्ये मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकाला शिक्षा नाही. म्हणजे होमस्कूलिंगला स्पष्ट परवानगीही नाही आणि पालकावर दंडही नाही, अशी मधली स्थिती आहे आणि हे डोळे उघडे ठेवून समजून घ्या. शाळेतले किंवा पंचायतीतले कोणी विचारायला आले तर नीट बसवून चहा द्या, मुलांच्या वह्या दाखवा.

पण त्या पाच-सहा घरांच्या मुलांबाबत मात्र थांबा. मान्यता न घेता शाळा चालवणं हा त्याच कायद्याच्या कलम १८ प्रमाणे गुन्हा आहे, एक लाखापर्यंत दंड आहे. संध्याकाळी एकत्र खेळणं, गाणी, बायबलची गोष्ट, संडे स्कूल हे सगळं करा, पण घराला शाळेचा बोर्ड लावून फी घेऊ नका.

दहावीसाठी रस्ते आहेत. एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) दहावी १४ पूर्ण झाली की देता येते, पाच विषय, मराठी माध्यमही आहे, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे, तिथे पाचवी आणि आठवीच्या पातळीची परीक्षा देता येते. आणि राज्य बोर्डाची दहावी बाहेरून देण्याचा आपला जुना १७ नंबर फॉर्म तर तुम्हाला माहीतच असेल. मधेच वाटलं की मुलाला शाळेत घालावं, तर चौदापर्यंत वयाप्रमाणे योग्य वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे, ते वर्ष वाया जात नाही.

एक कागदाची गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते. आपल्याकडे जातीचा दाखला आणि पडताळणी शाळेच्या नोंदींवर चालते, ज्यांना ओबीसीत सवलत आहे त्या आपल्या कुटुंबांना हे चांगलंच माहीत आहे. मुलाच्या नावावर शाळेची नोंद नसेल तर वडिलांचे आणि आजोबांचे दाखले सोन्यासारखे सांभाळा, आजच लॅमिनेट न करता साध्या फाइलीत ठेवा आणि साक्षांकित प्रती काढून घ्या.

बाकी शेतातलं काम म्हणजे शिक्षण का असं तुमच्या पत्रात शेवटी आहे. पंडिता रमाबाई लहानपणी कुठल्याच शाळेत गेल्या नाहीत, आईवडिलांबरोबर तीर्थयात्रेत फिरताना त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, त्यांना संस्कृत शिकवलं. आणि पुढे ख्रिस्ती झाल्यावर पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभं केलं तेव्हा दुष्काळातून आलेल्या मुलींना वाचन-लेखन शिकवलंच, पण शेती, विणकाम, छापखाना हेही शिकवलं. आपल्या मराठी ख्रिस्ती माणसांना हा विचार अमेरिकेतून आणायची गरज नाही, तो आपल्या घरातलाच आहे. हंगामाच्या सणाला तुम्ही चर्चमध्ये कांदे, बाजरीची कणसं, अंडी नेता आणि उपासनेनंतर लिलाव होतो ना, यंदा लिलावाचा हिशेब मुलांना लिहायला द्या.

प्रश्न : मावशी, आम्ही पुण्याचे, आता पेनसिल्व्हेनियात तीन एकर जागा घेतली आहे. मुलं पाच आणि सात. शेजारी अमिश लोक आहेत, त्यांच्यासारखं आपणही घरीच शिकवावं असं वाटतं. पण मराठी सुटते आहे, आणि हिवाळ्यात चार महिने घरात कोंडून घेऊन काय करायचं कळत नाही.

उत्तर : एक दुरुस्ती करते, अमिश मुलं बहुतेक घरी नाही शिकत, त्यांच्या स्वतःच्या एका खोलीच्या शाळा असतात आणि तिथे आठवीपर्यंतच शिकतात. आठवीनंतर सक्ती नको हा हक्क त्यांना १९७२ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने दिला. तुमचा मार्ग वेगळा आहे आणि पेनसिल्व्हेनियाचे नियम कडक आहेत, प्रतिज्ञापत्र दरवर्षी १ ऑगस्टच्या आत, १८० दिवस किंवा प्राथमिकला ९०० तास, मुलांच्या कामाची फाइल, वर्षाअखेरीस मूल्यमापन. दिवसांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा, जूनमध्ये आठवून लिहू नका.

हिवाळा तर मला तुमच्यासाठी सगळ्यात चांगला काळ वाटतो. दिवस लहान झाला की कोंबड्या अंडी कमी का देतात हे मुलांना उजेडाचे तास मोजून कळेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री गोठणं आणि दिवसा वितळणं सुरू झालं की मेपलच्या झाडातून रस येतो, साधारण ४० भाग रस आटवला की एक भाग पाक होतो, गुऱ्हाळ पाहिलेल्या आजोबांना व्हिडिओ कॉलवर हे दाखवा, दोघांनाही बोलायला विषय मिळेल आणि तो मराठीतच होईल. मराठीसाठी मी एकच आग्रह धरते, घरातली प्रार्थना मराठीत ठेवा. जेवणाआधीची, झोपायच्या आधीची, आणि रेव्हरंड टिळकांची पदं. बाकी सगळं इंग्रजीत झालं तरी चालेल, पण मूल देवाशी ज्या भाषेत बोलतं ती भाषा त्याच्यापासून लवकर सुटत नाही, हे मी आपल्याच परदेशातल्या घरांत पाहिलंय.

प्रश्न : तुम्ही लोक मुलांना जगापासून तोडताय असं नाही का वाटत? माझी मुलं शाळेत जातात आणि ख्रिस्ती म्हणून छानच वाढताहेत. – एक शिक्षिका, पुणे

उत्तर : तुमची मुलं छान वाढताहेत याचा मला आनंद आहे, शाळेत घालणाऱ्या आईला मी कमी कधीच लेखणार नाही. तुमची भीती काही घरांबाबत खरी आहे. जिथे मूल महिनोन्महिने फक्त आईवडिलांनाच पाहतं तिथे मी स्वतः सांगते, हे थांबवा. शेजारच्या सगळ्या धर्मांच्या मुलांबरोबर रोज खेळायला मिळालं पाहिजे, एखादा क्लास, एखादं मैदान पाहिजे. आणि मूल स्वतःहून म्हणालं मला शाळेत जायचंय, तर त्याला पाठवा.

प्रश्न : पावसात वाडीत साप निघतात. लहान मुलांना बाहेर कसं सोडायचं? – पालघर

उत्तर : गमबूट घालूनच सोडायचं, गवत कापलेलं ठेवायचं, लाकडांचा ढीग आणि कोंबड्यांचं खुराडं घरापासून लांब, कारण उंदीर तिथे येतात आणि त्यांच्या मागे साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार चित्रावरून ओळखायला शिकवा आणि कुठलाही साप दिसला की जागीच थांबून हळू मागे यायचं, हात लावायचा नाही, हे खेळासारखं करून घ्या. मण्यार रात्री अंथरुणात शिरते म्हणून जमिनीवर झोपवत असाल तर मच्छरदाणी गादीखाली खोचा. चावलाच तर दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, भगताकडे न्यायचं नाही. अवयव हलू न देता, मुलाला चालायला न लावता, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरळ सरकारी रुग्णालयात न्या, सापाचं औषध तिथे असतं. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं, तिथे औषध आहे का, हे मे महिन्यातच जाऊन विचारून या.