आधी वारे समजून घे, नावं नंतर

सागरी शोधसफरींचा इतिहास शिकायला म्हणून कोलंबसपासून कुकपर्यंतच्या तारखांची जी यादी करायला घेतली आहेस, ती तूर्तास बाजूला ठेव. एकच सफर निवड आणि नकाशा समोर उघडून शेवटपर्यंत वाच. माझा आग्रह वास्को द गामाच्या पहिल्या सफरीचा. एप्रिल १४९८ मध्ये तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीहून निघाला तेव्हा सोबत जाणता वाटाड्या होता आणि वारा अनुकूल. सुमारे २३ दिवसांत मलबारचा किनारा दिसला. परतताना मात्र मोसमी वाऱ्यांची दिशा बदलण्याची वाट न पाहता तो निघाला. तोच अरबी समुद्र ओलांडायला जवळपास तीन महिने लागले. स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या आजाराने, इतके खलाशी गेले, की माणसांअभावी एक जहाज जाळून टाकावं लागलं. हा फरक नकाशावर बोट फिरवत समजून घे. मला स्वतःला हे कळल्यावरच या विषयाची खरी गोडी लागली.

मालिंदीहून सोबत आलेला तो वाटाड्या म्हणजे प्रसिद्ध अरब दर्यावर्दी इब्न माजिद, असं बऱ्याच ठिकाणी वाचशील. बहुतेक अभ्यासक आता ते मानत नाहीत.

मॅगेलनने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, हेही असंच बऱ्याच ठिकाणी वाचशील, पण ते खरं नाही. तो १५२१ मध्ये फिलिपिन्समधल्या मॅक्टन बेटावर मारला गेला. १५२२ मध्ये ‘व्हिक्टोरिया’ जहाज स्पेनला परत आणलं त्याच्याच ताफ्यातल्या एल्कानोने. जहाजावर उरले होते त्याच्यासह अवघे १८ जण.

आणि कुक वाचशील तेव्हा तुपायाला विसरू नकोस. हा पॉलिनेशियन दर्यावर्दी १७६९ मध्ये ताहितीत कुकच्या ‘एंडेव्हर’ जहाजावर चढला. न्यूझीलंडला तिथल्या मूळ रहिवाशांशी, माओरींशी, बोलणं जमलं ते त्याच्यामुळेच.