नवं उबुंटू टाकल्यापासून हार्ड डिस्क एरर देतेय. डिस्क गेली की लिनक्सचा दोष?

उबुंटू १८.०४ वर पाच वर्षं बिनतक्रार चाललेली डिस्क २२.०४ टाकताच अडकायला लागली आणि लॉगमध्ये 'हार्ड रिसेटिंग लिंक' (डिस्कशी जोडणी नव्याने सुरू करतोय) दिसतं, असं तुम्ही लिहिलंय. आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे घ्या. मग बाकीचं.

माझ्याकडे हेच झालं होतं. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, शिव्या घालत मी तीनदा इन्स्टॉल केलं. नंतर आठवलं की त्याच दिवशी रॅम वाढवायला कॅबिनेट उघडलं होतं. डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल ढिली झाली होती! ती बदलली आणि एरर थांबले.

त्यामुळे अंदाज बांधण्याआधी डीमेसेजमधली (dmesg, कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड) एररची ओळ नीट वाचा. महिरपी कंसात 'यूएनसी' असेल, तर डिस्कला तो सेक्टर, म्हणजे तिच्यावरचा डेटाचा छोटा कप्पा, वाचताच आलेला नाही. म्हणजे दुखणं डिस्कचंच. 'आयसीआरसी' असेल, तर डेटा वाटेत बिघडतोय, म्हणून आधी केबलवर संशय घ्या.

मग स्मार्टमॉनटूल्स (smartmontools) हे डिस्कची तब्येत तपासणारं पॅकेज टाकून त्यातल्या स्मार्टसीटीएल (smartctl) कमांडने डिस्कचा अहवाल काढा. वर 'पास्ड' दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, मरायला टेकलेल्या डिस्कसुद्धा पास होतात. शेवटच्या रकान्यातले आकडे बघा. क्रमांक ५ म्हणजे डिस्कने बाद करून बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने अडून राहिलेले. हे वाढत असतील तर नवी डिस्क घ्या. १९९ हा सीआरसी एररचा, म्हणजे डेटा वाटेत किती वेळा बिघडला त्याचा मोजणारा. तो कधीच शून्यावर येत नाही, म्हणून केबल बदलल्यावर आकडा तिथेच थांबतो का, एवढंच पाहायचं.

जुन्या सिस्टिमवर हे का दिसलं नाही? इन्स्टॉल करताना वर्षानुवर्षं न शिवलेल्या जागांवर लिहिलं-वाचलं जातं. खराब सेक्टर आधीपासून असतील, गाठ आत्ता पडली.

तिन्ही आकडे शून्य असतील आणि लॉगमध्ये नुसता 'टाइमआउट' असेल, तर मात्र तुमचा लिनक्सवरचा संशय रास्त. नव्या कर्नलमध्ये वीज वाचवण्याची धोरणं बदलत आलीत. २०१८ मध्ये फेडोरा २८ ने लॅपटॉपवर साटा लिंकची वीजबचत डीफॉल्ट चालू केली होती. ती काही डिस्कना झेपत नाही. लिंकचं पॉवर धोरण 'मॅक्स परफॉर्मन्स' करून बघा. 'एफपीडीएमए क्यूड' (डिस्ककडे रांग लावून पाठवलेल्या) कमांडच फेल होत असतील, तर ग्रब मेनूत (सिस्टिम सुरू होताना येणाऱ्या यादीत) 'ई' दाबून लिनक्सच्या ओळीशेवटी 'लिबएटीए.फोर्स=नोएनसीक्यू' (libata.force=noncq) जोडा, म्हणजे ही रांग बंद होते. हा बदल त्या एका बूटपुरताच राहतो, त्यामुळे बिघडायची भीती नाही.

आणि यूएनसी येत असताना एफएससीके (fsck) चालवू नका. ते फाइल सिस्टिम दुरुस्त करतं, डिस्क नाही. त्या खटाटोपात उरलेला डेटाही जाऊ शकतो. आधी डीडीरेस्क्यू (ddrescue) या खराब डिस्कमधून डेटा वाचवणाऱ्या टूलने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा आणि जी काही दुरुस्ती करायची ती त्या प्रतीवर करा.