बॅडमिंटनच्या थॉमस कपच्या फायनलमध्ये लक्ष्य सेन पहिला गेम 8-21 हरला, मग सामना जिंकला कसा?

तुम्ही बँकॉकची 15 मे 2022 ची फायनल विचारताय. लक्ष्यनं इंडोनेशियाच्या गिंटिंगला 8-21, 21-17, 21-16 असं हरवलं. त्याच दिवशी दुहेरीत सात्विक-चिराग पहिला गेम 18-21 हरले, मग 23-21, 21-19 असे जिंकले. दोन गेममध्ये आटोपलं ते फक्त श्रीकांतनं, 21-15, 23-21. भारताचं इंडोनेशियावर 3-0 दिसतं, पण तीनपैकी दोन सामने पिछाडीवरून आलेत. गिंटिंगचा पहिल्या गेमचा वेग तीन गेम टिकणारा नव्हता, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं सगळेच विसरतात: गेम संपला की बाजू बदलते, म्हणजे हॉलमधला वारा उलट्या बाजूनं लागतो.

आमच्या सोलापुरात हे बोललं की हमखास ऐकू येतं, "बंद हॉलमध्ये कसलं वारं ओ, हाताचा दोष आहे." साफ चूक. मोठ्या स्टेडियममध्ये एसीची हवा वाहते, आपल्याकडे एक्झॉस्ट पंखा आणि उघडं शटर तेच काम करतं. पाच ग्रॅमचं फूल (शटल) आहे ते, सरकणारच.

वारा पाठीवर असला की तुमचा नेहमीचा क्लिअर, म्हणजे उंच मागे मारलेला फटका, बेसलाइनबाहेर (मागच्या रेषेबाहेर) जातो. तोंडावर असला की तोच मधेच पडतो, पण बिनधास्त मारता येतं. बहुतेकांच्या चुका पाठीवरच्या वाऱ्यात होतात. ओळखायचं असं: वॉर्मअपमध्ये बेसलाइनवरून खालून पूर्ण जोरात, साइडलाइनला समांतर, चार फुलं मारा. मग पलीकडे जाऊन तीच चार परत. नियमानं फूल समोरच्या बेसलाइनच्या 53 ते 99 सेंटिमीटर आत पडायला हवं. टेप नको, दुहेरीची मागची सर्व्हिस लाइन 76 सेंटिमीटरवर असते, म्हणजे बरोबर मध्यावर. तिच्या दोन्ही बाजूंना वीतभर धरा. एकीकडून रेषेपुढे आणि दुसरीकडून रेषेआधी पडलं तर वारा आहे. दोन्हीकडून लांब गेलं तर फूलच फास्ट आहे.

आणि मे महिन्यात सोलापुरात ते फास्ट असतंच. 42 अंश तापमान आणि साडेचारशे मीटर उंची, मिळून हवा समुद्रकाठच्या 25 अंशांच्या हवेपेक्षा दहाएक टक्के विरळ. तरी दुकानात 77 नंबरच मागतात. हा फुलाच्या वेगाचा नंबर, कमी म्हणजे स्लो. उन्हाळ्यात 76 घ्या, काही डब्यांवर त्यालाच 2 लिहितात. एका नंबरनं साधारण फूटभर फरक पडतो. पिसांची टोकं बाहेर दुमडून फूल स्लो करता येतं, पण सरावापुरतं, सामन्यात चालत नाही. पिसं तडतड तुटत असतील तर तो कोरड्या हवेचा दोष: आदल्या रात्री डब्याला पिसांच्या बाजूनं पाच-दहा सेकंद वाफ द्या, बुचाला नको, आणि झाकण लावून ठेवा.

आता टॉस. जिंकला की लोक डोळे मिटून सर्व्हिस घेतात. प्रत्येक रॅलीला गुण मिळतो तिथं पहिल्या सर्व्हिसचं मोल किती? बाजू घ्या. पहिला गेम अवघड बाजूनं, म्हणजे वारा पाठीवर असेल तिथून खेळा. दुसरा सोप्या बाजूनं होतो, तिसरा पुन्हा अवघड बाजूनं सुरू होतो, पण 21 गुणांच्या गेममध्ये कुणाचे 11 गुण झाले की बाजू बदलते आणि शेवटचे गुण सोप्या बाजूनं खेळता. "पहिला गेम हातचा का घालवायचा?" म्हणणाऱ्यांनी वरचे दोन स्कोअर परत वाचावेत.

लक्ष्यचे 8 गुण वाऱ्यामुळेच झाले, असं मी म्हणत नाही, गिंटिंग तेव्हा खेळतच भारी होता. पहिला गेम गेला की ज्यांचं डोकं फिरतं, त्यांनी सोपी बाजूच आधी घ्यावी. आणि वाराच नसेल तर दुहेरीत रिसीव्ह घ्या. सर्व्हिस तरीही नकोच.