तोच फोन, तेच मॉडेल, मग अपडेट मलाच का नाही?

मित्राच्या फोनवर अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली, तुमच्या तशाच फोनवर मात्र ‘सिस्टम अप टू डेट’ दिसतं. मग बाहेरून फाइल उतरवून टाकू का, असं तुम्ही विचारलंय. फाइलचं आधी सांगतो: टाकू नका. कारण पुढे येतंच.

गूगल मूळ कोड खुला करते, पण तो तसाच्या तसा कुठल्याही फोनवर चालत नाही. क्वालकॉम, मीडियाटेकसारखी चिप कंपनी त्या आवृत्तीसाठी आपले ड्रायव्हर (चिप आणि सिस्टमचा मेळ घालणारे प्रोग्राम) देते, मग फोन कंपनी त्यावर आपला इंटरफेस, कॅमेरा, अ‍ॅप्स बसवते आणि गूगलने ठरवलेल्या चाचण्या पार करते. जुने फोन बहुधा अडतात ते चिपपाशी. चिप कंपनीने हात काढून घेतला, की फोन कंपनीची इच्छा असली तरी काम फार अवघड होतं. 2017 मध्ये अँड्रॉइड 8 सोबत आलेल्या ‘ट्रेबल’ रचनेने चिपशी बांधलेला भाग उरलेल्या सिस्टमपासून वेगळा केला. त्याने वाट बरीच मोकळी झाली, पूर्ण नाही.

नेटवर्क कंपनीमार्फत विकलेल्या फोनांना आणखी एक टप्पा असतो: त्या कंपनीची तपासणी. व्हीओएलटीई (4जी नेटवर्कवरून होणारे कॉल), वाय-फाय कॉलिंग, आपत्कालीन क्रमांक नीट लागतात का, हे पाहिलं जातं. लोक या उशिरावर चिडतात, पण मोडेमचं (नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाचं) फर्मवेअर, म्हणजे त्यात बसवलेलं सॉफ्टवेअर, बदलून आपत्कालीन कॉलच लागेनासा झाला तर त्याची किंमत फार मोठी आहे. ही तपासणी व्हायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. आयफोनचे अपडेट अ‍ॅपल जगभर एकाच वेळी थेट देते, कारण चिपपासून सिस्टमपर्यंतचा ताबा तिच्याकडे आहे.

आता तुम्ही आणि तुमचा मित्र. मॉडेलचं नाव एकच असलं तरी फोन कुठल्या प्रदेशासाठी किंवा नेटवर्कसाठी विकला गेला, त्यानुसार फर्मवेअर वेगळं असतं. सॅमसंगमध्ये त्यासाठी सीएससी नावाचा कोड असतो. तिच्या काही गॅलेक्सी फोनांत तर एकाच नावाखाली कुठे सॅमसंगची एक्झिनॉस, कुठे क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन चिप असते. शिवाय अपडेट सगळ्यांना एकदम सोडत नाहीत. आधी थोड्या फोनांवर पाठवतात, तक्रारी पाहतात, मग व्याप्ती वाढवतात. मोठी चूक सापडली तर वाटप थांबवतात. दुसऱ्या प्रदेशाची फाइल टाकली तर नेटवर्क बिघडू शकतं, फोन सुरूच न होण्याचीही भीती असते. बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टम चालू करणारा, कुलूपबंद प्रोग्राम) उघडावा लागला तर डेटा पुसला जातो तो वेगळाच. गूगल सर्व्हिसेसचा डेटा पुसून अपडेट लवकर मिळतं असंही कोणी सुचवेल. त्याने अ‍ॅप्सच्या सूचना (नोटिफिकेशन) मात्र बिघडू शकतात.

मला जास्त काळजी आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. सेटिंग्जमध्ये अँड्रॉइड आवृत्तीजवळ सिक्युरिटी पॅचची (सुरक्षेतल्या त्रुटींच्या दुरुस्तीची) तारीख असते, ती बघा. गूगल 2015 पासून दरमहा सुरक्षा पत्रक काढते. तारखेच्या शेवटी 01 असेल तर मूळ अँड्रॉइडमधल्या दुरुस्त्या आल्यात. 05 असेल तर कर्नल (सिस्टमचा गाभा) आणि चिपशी संबंधितही. अँड्रॉइड 10 पासून सिस्टमचे काही भाग ‘गूगल प्ले सिस्टम अपडेट’ म्हणून थेट गूगलकडून येतात. त्यांना फोन कंपनीच्या मोठ्या अपडेटसाठी थांबावं लागत नाही, म्हणून तेही तपासा.

पॅच दोन-तीन महिन्यांत येत असेल तर आवृत्तीसाठी निवांत थांबा. तारीख वर्षभर जुनी असेल आणि कंपनीने मॉडेलचा सपोर्ट बंद केला असेल, तर त्या फोनवरून बँकेचे व्यवहार करणं सोडा. पुढचा फोन घेताना कॅमेऱ्याच्या आधी सपोर्टची वर्षं विचारा. गूगलच्या पिक्सेल 8 आणि सॅमसंगच्या गॅलेक्सी एस24 पासून त्या दोन मालिकांना 7 वर्षांचं आश्वासन आहे; स्वस्त मॉडेलना बहुतेकदा बरंच कमी मिळतं, आणि ती वर्षं तुम्ही विकत घेतल्यापासून नाही, फोन बाजारात आल्यापासून मोजतात.

मॉडेल क्रमांक आणि पॅचची तारीख इथे लिहा, म्हणजे तुमचा फोन कुठे अडलाय याचा अंदाज सांगता येईल.